शालीखालची उजेडपाटी

खूप काळ लोटला या गोष्टीला. डोंगर तेव्हाही होते, रान आजच्यापेक्षा दाट होतं, आणि माणसं आजच्याइतकीच भित्री होती. लहानांनी ही गोष्ट वाघिणीची म्हणून ऐकावी. मोठ्यांनी कशाची म्हणून ऐकायची, ते त्यांचं त्यांना कळेलच.

त्या काळी एका राज्यात रानाच्या कडेने गावं वसलेली होती आणि गावोगावी शाळा होत्या. राजाने प्रत्येक शाळेला एक उजेडपाटी दिली. दिसायला ती साधी काचेची पाटी. पण एका शाळेने तिच्यावर काढलेलं बाकीच्या सगळ्या शाळांच्या पाट्यांवर त्याच क्षणी उमटायचं. तिच्यात अख्ख्या रानाचा नकाशा होता. मुलांनी शाळेत येताना जे पाहिलं असेल, ते त्या नकाशावर मांडायचं. कुठे पळस फुलला, कुठला झरा आटला, कुठे मोरांनी पिसं टाकली. मग त्यावरून सगळ्या शाळांनी मिळून शिकायचं. आणि कुठे धोका दिसला, तर तिथे तांबडा ठिपका काढायचा. ठिपका नाही, म्हणजे वाट मोकळी.

पाटी चालवायला शिकावं म्हणून राजाने सगळ्या शिक्षकांना राजधानीत बोलावून घेतलं. खिंडीखालच्या गावाचे गुरुजीही गेले. माणूस भला होता. मुलांवर त्यांचा जीव होता. फक्त आपल्याला एखादी गोष्ट येत नाही हे लोकांना कळेल, याची त्यांना लहानपणापासून फार धास्ती.

राजपंडिताने पाटीवरून भराभर बोटं फिरवली. चित्रं आली, गेली, रंग बदलले. "समजलं?" असं विचारताना तो अशा नजरेने बघायचा, की नाही म्हणणाऱ्याला आपल्या आईबापांचीही नावं सांगावी लागतील. गुरुजींना काही समजलं नव्हतं. त्यांनी शेजारी पाहिलं. शेजारच्याची मान हलत होती. शेजारच्याने गुरुजींकडे पाहिलं होतं, तेव्हा गुरुजींची हलत होती. अशा रीतीने सगळी सभा पारंगत झाली.

निरोप देताना प्रत्येकाच्या खांद्यावर एक शाल घातली गेली. तिच्या काठावर जरीने 'पारंगत' असं विणलेलं होतं. शाल उबदार होती, पण गुरुजींना त्या दिवसापासून हुडहुडी भरली ती भरलीच.

गावात वाजतगाजत स्वागत झालं. पाटील म्हणाले, "गुरुजी, दाखवा की चालवून! आम्हीपण बघतो राजाची जादू."

गुरुजींच्या तोंडचं पाणी पळालं. पण बोलता बोलता त्यांना वाट सापडली. "पाटीलबाबा, ही काय खेळण्यातली वस्तू आहे? हिचं पावित्र्य राखायला लागतं. चारचौघांत उघडायची नाही ही."

लोकांना ते लगेच पटलं. पवित्र म्हटलं की पुढचं कुणी विचारत नाही. शाळेच्या आतल्या खोलीत कोनाडा सारवला गेला, पाटी तिथे ठेवली गेली, तिला हळदकुंकू लागलं, आणि वरून शाल पांघरली गेली. त्या गावात नांगर, कोयता, तराजू या सगळ्यांची वर्षातून एकदा पूजा व्हायची आणि त्या दिवशी त्यांना सुट्टी मिळायची. या पाटीला रोज पूजा आणि रोज सुट्टी.

सकाळी मुलं सांगायची, "गुरुजी, ओढ्यावर सुगरणीची घरटी दिसली." गुरुजी "मांडून येतो" म्हणत आत जायचे आणि दार लावून घ्यायचे. आत ते नुसते उभे राहायचे. शालीखाली पाटी मिणमिणायची. जरीच्या अक्षरांतून उजेड झिरपायचा, मध्येच बारीक किरकिर ऐकू यायची. ती आपली कागाळी राजाकडे करते आहे, असं त्यांना वाटायचं. मग ते कपाळ पुसत बाहेर यायचे. "मांडलं हं. बसा आता."

मुलं त्यांच्याकडे डोळे मोठे करून बघायची.

एक जण मात्र वेगळ्या नजरेने बघायची. गुरुजींचं नुकतंच लग्न झालं होतं. पाटीवर रोज फूल वाहायचं काम त्यांच्या बायकोकडे आलं होतं. ती शालीवर मधोमध एक फूल ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी ते तिला तिथेच, तसंच, फक्त सुकलेलं सापडायचं. शाल कुणी उचलली असती तर फूल पडलं असतं. एवढं कळायला राजधानीला जावं लागत नाही. पण ती नवी होती, आणि दिसलेलं सगळं बोलायचं नाही एवढं शिकवूनच तिला सासरी धाडलं होतं.

मग उन्हाळा लागला. करवंदं काळी झाली, आणि रानात वाघीण आली.

आधी एक वासरू गेलं. मग गुराख्यांचा कुत्रा गेला, फक्त गळ्यातली दोरी मिळाली. खिंडीतले पक्षी गप्प झाले. माणसं पाण्याला जाताना मोठ्याने बोलू लागली. त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं. शांतता सहन होत नव्हती म्हणून ती बोलत होती.

एका सकाळी मुलं धापा टाकत शाळेत आली. "गुरुजी, खिंडीच्या तोंडाशी पंजे! ओल्या मातीत! एवढे!" दोन्ही तळवे जोडून त्यांनी माप दाखवलं.

"बाहेर कुणी जायचं नाही," गुरुजी म्हणाले. "मी तांबडा ठिपका काढून येतो."

ते आत गेले. उभे राहिले. बाहेर आले. "काढला."

तशी दुरपी नावाची मुलगी हसली. "बरं झालं बाई! माझी मावसबहीण खिंडीपलीकडच्या शाळेत आहे ना, ती काल बाजारात भेटली होती. आज त्यांच्या बाई सगळ्यांना खिंडीत करवंदं काढायला आणणार होत्या. नकाशावर वाट मोकळी दिसत होती म्हणे. आता नाही यायचे. तुम्ही ठिपका काढलात!"



ते परत आत गेले. पहिल्यांदाच त्यांनी शालीचं टोक उचललं आणि पाटीवर बोट ठेवलं. उजेड भसकन अंगावर आला. त्यात त्यांना आपलाच चेहरा दिसला, पांढराफटक. दुसरीकडे बोट लावलं, पाटी अंधारली. तिसरीकडे लावलं, तिने किंकाळीसारखा आवाज काढला. गुरुजींनी घाईने शाल सारखी केली आणि खाली पडलेलं फूल उचलून परत वर ठेवलं. वाघिणीची भीती एका कानात ओरडत होती, 'जा, सांग.' दुसरी भीती दुसऱ्या कानात कुजबुजत होती, 'सांगशील तर गाव काय म्हणेल?' आणि नवल असं, की कुजबुजणारीच मोठी वाटत होती.

दारात बायको उभी होती. डबा घेऊन आली होती, आणि दुरपीचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. तिने आधी फुलाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"अहो," ती हळूच म्हणाली, "हे कालचंच फूल आहे ना?"

गुरुजी शालीचं टोक सारखं करत राहिले.

"परवाचं पण असंच होतं. त्याच्या आधीचंही." "ठिपका गेलेला नाही. हो ना? आणि ती पोरं वाटेला लागली असतील."

गुरुजींनी शाल ओढली. फूल जमिनीवर पडलं. शाल तशीच खांद्यावर घेऊन ते मुलांसमोर आले, पंजांची बातमी ऐकून गाव जमलं होतं त्या अंगणात आले, आणि ओरडले, "पाटीलबाबा! मला पाटी चालवता येत नाही! कधीच येत नव्हती! खिंडीत ठिपका नाही, आणि पलीकडची लेकरं खिंडीत येताहेत!"

क्षणभर कुणाला काही उमगेना. मग पाटील म्हणाले, "गुरुजी, तुम्हाला नंतर बघतो. ढोल घ्या रे!"

सगळं गाव सुटलं. ढोल, ताटं, पळ्या, शाळेची घंटा. गुरुजी सगळ्यांच्या पुढे पळत होते. दर वळणावर त्यांना वाटे, आता काहीतरी दिसेल. आणि दिसू नये म्हणून ते डोळे मिटून घेत, ठेचकाळत. खिंडीतून हसण्याचा आवाज येत होता. करवंदं खाणाऱ्या मुलांचा असतो, तसा. मग तो एकदम थांबला.

वळणापलीकडे मुलं एका दगडाला चिकटून उभी होती. ओठ काळेजांभळे, आवाज बंद. त्यांच्या आणि झुडपाच्या मध्ये त्यांच्या बाई दोन्ही हात पसरून उभ्या होत्या, आणि त्यांच्या उजव्या खांद्यावरून रक्त ओघळत होतं. वाघीण दुसऱ्या झेपेसाठी दबली होती. एवढ्यात ढोल-ताटांचा कल्लोळ खिंडीत शिरला. तिने एकदा मान वळवली आणि ती झुडपात विरून गेली.

तो कल्लोळ थोडा आधी पोचू शकला असता. कोनाड्यासमोर बोटांनी चाचपडण्यात जेवढा वेळ गेला, तेवढा आधी.

गुरुजींनी खांद्यावरची शाल टरकन फाडली आणि जखमेवर बांधली. जरीची अक्षरं भिजून लाल झाली.

"बाई," ते रडत म्हणाले, "मला येत नव्हतं. राजधानीत मी नुसती मान हलवली."

बाईंनी दात आवळून श्वास घेतला. "मीही हलवली होती, गुरुजी. सगळ्यांनीच हलवली होती. दुसऱ्या दिवशी मी पंडिताच्या दारात जाऊन उभी राहिले. म्हटलं, मला काही कळलेलं नाही, पहिल्यापासून सांगा. जेवणवेळेपर्यंत हसत होते सगळे." त्या थांबल्या. "हसण्याचे वळ उठत नाहीत. पंजाचे उठतात."

बाई वाचल्या. पण त्यांचा उजवा हात परत कधी खांद्याच्या वर गेला नाही. पाटीवर लिहायला त्या डाव्या हाताने शिकल्या, आणि त्याच डाव्या हाताने त्यांनी गुरुजींना शिकवलं, त्यांच्याच शाळेत, त्यांच्याच मुलांसमोर. गुरुजी चुकले की मुलं हसायची. गुरुजींचे कान तापायचे, पण ते पुन्हा बोट ठेवायचे. दुरपी मात्र बरेच दिवस हसली नाही. "गुरुजी, काढलात ना?" असं ती प्रत्येक ठिपक्यानंतर विचारायची, आणि आत येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायची. गुरुजींनी तिला कधी अडवलं नाही. कोनाड्यात आता त्यांची बायको दिवा ठेवायची. पाटी मुलांच्या खुणांनी भरलेली असायची, तिच्यावर फूल ठेवायला जागाच उरली नव्हती.

पुढल्या वर्षी राजधानीत परत सभा भरली. नवी पाटी, नवा पंडित, तीच नजर. "समजलं?" त्याने विचारलं. माना हलू लागल्या.

गुरुजी उभे राहिले. "नाही समजलं," ते म्हणाले.

मग मागून एक खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग दुसरी. मग बघता बघता अर्धी सभा उभी होती, आणि पंडिताला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

म्हणून सांगते, न येण्यात लाज नाही. पण येत नाही हे जो लपवतो, त्याच्या लपवण्याची किंमत दुसऱ्याच कुणाला तरी मोजावी लागते.