अठरा हजारांचं व्याज आणि एक खुर्ची

इचलकरंजीच्या इंदुमती उरुणकरांची छोटी कंपनी होती. यंत्रमागावर सूत गुंडाळायच्या कांड्या तिथे बनत. माल पोचवणाऱ्या टेम्पोवाल्याला नवा टेम्पो घ्यायला कंपनीने दोन लाख रुपये कर्जाऊ दिले. वर्षाचं अठरा हजार व्याज आलं, ते बाईंनी आयकराच्या विवरणपत्रात चोख दाखवलं आणि त्यावर करही भरला.

तरी नोटीस आलीच! आयकर अधिकारी देवस्थळीसाहेब म्हणजे बडं प्रस्थ. समोर दोन खुर्च्या रिकाम्या असल्या तरी आलेल्या माणसाला ते उभंच ठेवत.

"कांड्यांचं नुसतं नाव!" बाईंनाही उभं ठेवूनच साहेब गरजले. "तुमची कंपनी चोरून सावकारी करते. दंड भरा."

"एकदा व्याज घेतलं म्हणून लगेच सावकार?"

"एक रुपया घेतला तरी सावकारच! कारकून, लिहा हे."

कारकुनाने लिहिलं. बाईंनी विवरणपत्रात अठरा हजारांच्या खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हे साडेचार हजारही व्याजच आहे, साहेब. आम्ही जास्त भरलेला कर तुमच्या खात्याने चौदा महिने वापरला आणि व्याजासकट परत केला. म्हणजे टेम्पोवाल्यासारखं तुमचं खातंही आमचं कर्जदार. पण टेम्पोवाला आम्हाला बघितलं की आधी खुर्ची पुढे करतो हो."

कारकून खाली मान घालून हसला. साहेबांनी कारकुनाने लिहिलेलं ते सावकाराचं वाक्य स्वतःच्या पेनाने खोडलं आणि हळूच म्हणाले, "बसा, बाई."

फाइल तिथेच बंद झाली. इंदुमतीबाई मात्र साहेबांचा चहा पिऊनच उठल्या.