सुभेदारांचं स्ट्रॉबेरी कॉकटेल

महाबळेश्वरच्या अलीकडं, डोंगराच्या पोटात एक गाव होतं. गावात शहाणे रग्गड, भोळा मात्र एकच. त्याचं नाव हिंदुराव. नाव असं भारदस्त की परक्या माणसानं ऐकून उठून उभं राहावं. मग हिंदुरावही उठून उभा राहायचा, आणि कुणी "बस" म्हणेपर्यंत तसाच.

अंगानं गडी दणकट. स्ट्रॉबेरीच्या भरलेल्या क्रेटी खांद्यावर टाकून चढ चढायचा, धाप लागायची नाही. सांगितलेलं काम सांगितलं तसंच करायचा. त्यात स्वतःचं डोकं घालायचा नाही. आई म्हणायची, "माझं पोर गुणाचं हाय." शेजारीपाजारी म्हणायचे, "गुणाचं हाय, पर कुनीतरी सांगाया पायजे." आणि जो सांगायचा तोच पस्तावायचा.

या हिंदुरावाचा जीव जडला वैजयंतावर. वैजयंता म्हणजे खालच्या वाडीतल्या सुभेदार शेलारांची लेक. स्ट्रॉबेरी गोळा व्हायची त्या शेडमध्ये ती वजनाला बसायची. हिंदुराव क्रेट ठेवायचा. वैजयंता काट्याकडं बघायची आणि हिंदुराव वैजयंताकडं. तिलाही तो आवडायचा. म्हणायची, "ह्याला खोटं बोल म्हटलं तरी जमायचं न्हाई." पोरगी राजी होती, पोरगा तर काय विचारूच नका. अडलं होतं ते सुभेदारांपाशी.

सुभेदारांची सगळी नोकरी फौजेत साहेबलोकांच्या मेसमध्ये झालेली. पेन्शनीत आले, पण एक शौक काही सुटला नाही. व्होडका, ताजं फळ, लिंबू, साखरेचा पाक, बर्फ, असं सगळं शेकरमध्ये, म्हणजे झाकणाच्या भांड्यात, घालून खळाखळा हलवलेलं कॉकटेल. हाच त्यांचा जीव की प्राण. त्यांनी निरोप धाडला, "रविवारी घर बघाया येतो. बाटली मी आणतो, कँटीनची. फळ तुमचं. पोरानं सोताच्या हातानं कॉकटेल करून पाजायचं. ज्याला चार जिनसा एका भांड्यात नांदवता येत न्हाईत, त्यो माझ्या पोरीला काय नांदवणार?"

आईनं कपाळाला हात लावला. तिच्या घरात कोकमाच्या सरबतापलीकडं कधी काही गेलं नव्हतं. पण पोराच्या लग्नाचा प्रश्न. तिनं भावाला बोलावून घेतलं. हे सर्जेराव मामा. पाचगणीच्या एका हॉटेलात बारच्या काउंटरमागं त्यांची हयात गेलेली. रविवारी सकाळीच मामा आपला जुना स्टीलचा शेकर घेऊन हजर झाले.

"हिंदुराव," मामा म्हणाले, "वैजयंता पायजे ना?"

"पायजे मामा. तिच्याबिगर मला ग्वाड लागत न्हाई."

"मग मी सांगतो तसं करायचं."

"तसंच करतो."

इथंच मामांनी घरी निघून जायला हवं होतं. पण बिचाऱ्यांना काय ठाऊक!

मामांनी शेकरमध्ये स्ट्रॉबेरी चेचली, लिंबू पिळलं, पाक घातला, बर्फ टाकला. व्होडकेच्या जागी तालमीपुरतं पाणी ओतलं. झाकण लावून शेकर हिंदुरावाच्या हातात दिला. "हं. हलव."

हिंदुरावानं शेकर दोन्ही हातांत धरला. खाली गवताची पेंढी अंथरली. तिच्यावर शेकर अलगद ठेवला आणि वरून आपला पंचा पांघरला.

"ह्ये काय करतोस रं?"

"आत स्ट्रॉबेरी हाय मामा. हलवली तर डाग पडंल. यापारी घ्यायचा न्हाई."

मामा म्हणाले, "लेका, ही काय पेटीत भरून मुंबईला धाडायचीय? ध्यानात ठेव. आत जिनसा भरल्या, वर झाकण बसलं, की खांद्यापाशी धरायचं आन् जोरात हलवायचं. हाताला गार लागेस्तवर. वर फेस आला की समज जमलं."

"चुकलंच माझं," हिंदुराव म्हणाला. "पुढच्या खेपेला बघा."

मामांनी त्याला सोडा आणायला दुकानात धाडलं. दुकानदारानं बाटल्या दिल्या. हिंदुरावानं बघितलं, आत जिन्नस आहे, वर झाकण आहे. वाटभर खांद्यापाशी धरून हलवत आला. घामानं निथळत होता, पण मनातून खूश. मामांनी पहिली बाटली उघडली मात्र, सोड्याचा फवारा थेट त्यांच्या नाकात.

मामा शिंकून शिंकून बेजार झाले. "आरं, सोडा हलवत्यात व्हय? त्येचं झाकण आधी जरा सैल करायचं. हवा जाऊ द्यायची. मग पुढचं काम."

"चुकलंच माझं. पुढच्या खेपेला बघा."

तालीम पुन्हा सुरू झाली. मामांनी शेकर भरला, झाकण लावलं आणि हिंदुरावाच्या हातात दिला. हिंदुरावानं आधी झाकण जरा सैल केलं. हवा जाऊ दिली. मग खांद्यापाशी धरून असा काही दणका दिला की विचारता सोय नाही. पाहुण्यांसाठी नुकतीच चुना दिलेली भिंत लालभडक. मामांचा पांढरा सदरा लालभडक. आई आतून धावत आली, भावाकडं बघितलं आणि तिनं हंबरडा फोडला, "आगं बाई, कुनी मारलं गं माझ्या भावाला!"

"आक्का, मी जिता हाय," मामा म्हणाले. "अजून तरी." मग भाच्याकडं वळले. "हिंदुराव, नीट ऐक. झाकण घट्ट दाबायचं. वरनं पंच्यानं आवळायचं. एकदा हलवाया लागलास की मधी सोडायचं न्हाई. आतनं कसलाबी आवाज आला तरी थांबायचं न्हाई. आन् झालं की गाळणीतनं गाळायचं. गाळणीत राहील त्यो चोथा, त्यो टाकून द्यायचा. खाली उतरंल तेवढंच पाव्हण्याला. पाव्हण्याच्या दाताखाली काय आलं न्हाई पायजे."

हिंदुरावानं सगळं मनात घोळवलं. या वेळी चुकायचं नाही, असं त्यानं ठरवलं. चुकलं तर वैजयंता गेली.

संध्याकाळी सुभेदार आले. चणीनं लहान, मिशा मोठ्या, डोक्याला कडक इस्त्रीची टोपी. ओसरीवर खुर्ची टाकली होती, तिच्यात ताठ बसले. भिंतीवरच्या लाल डागांकडं एकदा बघितलं. मिशीला पीळ दिला. फौजेत बरंच बघितलं असणार.

मामांनी समोर टेबलावर सगळं मांडलं. ताटलीत स्ट्रॉबेरी, लिंबाच्या फोडी, वाटीत पाक, भांड्यात बर्फ, सोडा, आणि मधोमध सुभेदारांची बाटली. म्हणाले, "तुमच्या डोळ्यांदेखत करंल पोरगं."

"तेच तर बघायचंय," सुभेदार म्हणाले. "पर पोटात आधी कायतरी द्या. सकाळपास्नं उपाशी हाय."

आईनं आतून हाक मारली, "हिंदुराव, पाव्हण्याला मटण दे रं वाटीत!"

हिंदुराव चुलीपाशी गेला. पातेल्यात मटण रटरटत होतं. पाव्हण्याच्या दाताखाली काही आलं नाही पाहिजे. त्यानं गाळणी घेतली आणि हाताशी होता त्या शेकरमध्ये सगळं मटण गाळलं. गाळणीत राहिला तो चोथा मागच्या दारी नेऊन टाकला. गल्लीतली कुत्री धन्य झाली. मग शेकरमधला रस्सा वाटीत ओतून त्यानं सुभेदारांपुढं ठेवला.

सुभेदारांनी चमचा फिरवून फिरवून तळ शोधला. "मटणाच्या फोडी कुठायत?"

"चोथा व्हय? त्यो टाकला जी."

मामांनी डोळे मिटून घेतले. आईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. सुभेदारांनी हिंदुरावाकडं वरपासून खालपर्यंत बघितलं आणि रस्सा गुमान पिऊन टाकला.

आता आली पंचाईत. शेकरला मटणाचा वास आणि तेलाचा थर. आई चिंच लावून घासायला बसली, हिंदुराव पाणी घालायला उभा राहिला. वास काही जाता जाईना. इकडं ओसरीवर सुभेदारांच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यांनी एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. गोड लागली. मग ताटलीच संपवली. लिंबाच्या फोडी चोखल्या. पाकाची वाटी बोटानं चाटून पुसून साफ केली. बाटली उघडून पेल्यात व्होडका ओतली, नुसतीच घेतली, पुन्हा थोडी ओतली. वर कडाकडा बर्फ चावला. शेवटी सोड्याची बाटली तोंडाला लावली.

आणि सुभेदार खुलले. चेहऱ्यावर लाली आली, मिशा सैल पडल्या.

"सर्जेराव," ते म्हणाले, "पोटात जाऊन सगळं एकच की हो! कशाला पोराला ताटकळवताय? पोरगं सरळ हाय. सांगितलं तेवढं करतंय. फौजेत असला जवान मिळाया नशीब लागायचं. माझी वैजू ह्या घरात सुखात राहील. पोरगी दिली. काढा सुपारी!"

आईचे डोळे भरून आले. मामांनी खिशातून सुपारी काढली आणि अडकित्ता शोधायला लागले. तेवढ्यात घासूनपुसून लखलखीत केलेला शेकर घेऊन हिंदुराव बाहेर आला.

"हिंदुराव, पाया पड," मामा म्हणाले. "वैजयंता तुझी झाली."

हिंदुराव पाया पडला. पण त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. कॉकटेल तर अजून झालंच नाही. न करताच पोरगी घ्यायची? वैजयंता काय म्हणेल? त्यानं टेबलाकडं बघितलं. ताटली रिकामी, वाटी रिकामी, भांडं रिकामं. "मामा, जिनसा कुठं गेल्या?"

"ह्या इथं!" सुभेदारांनी हसत हसत पोटावर थाप मारली. "समद्या आत!"

हिंदुरावानं त्यांच्या पोटाकडं बघितलं. मग डोक्यावरच्या टोपीकडं बघितलं. आत जिन्नस, वर झाकण. त्याचा जीव भांड्यात पडला. आता काय करायचं ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्यानं पुढं होऊन टोपी कानांपर्यंत घट्ट दाबली. पंचा हनुवटीखालून घेऊन वर आवळून बांधला. सुभेदार "आरं, आरं" म्हणेपर्यंत त्यांना भरल्या क्रेटीसारखं उचललं, खांद्यापाशी धरलं, आणि सगळ्या ताकदीनं खदखदा हलवायला सुरुवात केली.

"सोड! सोड मला!" सुभेदार ओरडले.

आतनं कसलाबी आवाज आला तरी थांबायचं नाही. हिंदुराव थांबला नाही. आई त्याचा सदरा ओढायला लागली, मामा दंडाला लोंबकळले. सुपारी ओसरीवरून घरंगळत अंगणात गेली.

"सोयरीक मोडली!" सुभेदार खांद्यावरून किंचाळले. "मोडली म्हंजे मोडली! पोरगी देत न्हाई!"

हिंदुरावानं आणखी जोर लावला. आणि अखेर सुभेदारांच्या पोटातला सोडा उसळला. भल्यामोठ्या मिशांवर पांढराशुभ्र फेस आला.

हिंदुरावानं हलवणं थांबवलं. घामानं डबडबलेला त्याचा चेहरा आनंदानं नुसता फुलून आला होता. आता वैजयंता आपली झाली, याबद्दल त्याच्या मनात तिळमात्र शंका नव्हती.

"मामा, फेस आला! जमलं!" तो ओरडला. मग सुभेदारांना दोन्ही हातांनी आडवं धरून त्यानं एकदा त्यांच्याकडं बघितलं, एकदा टेबलाकडं बघितलं, आणि काळजीनं म्हणाला, "पर मामा, आपली गाळणी ल्हान पडंल की ओ!"