बिशप गर्विन आणि बर्फातले गुलाब

खूप खूप दूरच्या एका देशात, जिथे थंडीत नदीचीसुद्धा काच व्हायची, इडा नावाची एक पोरकी मुलगी लोकांची बदकं राखायची. तिच्या इवल्याशा पायांना चिंध्या गुंडाळलेल्या असत, आणि पोट बहुतेक रिकामंच.

त्या गावाच्या बिशपांचं, म्हणजे मोठ्या धर्मगुरूंचं, नाव होतं गर्विन. दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी राजाचं कोठार उघडलं आणि सगळ्या गावाला जेवू घातलं. इडाला तर ते स्वतः गरम पेज वाढायचे. म्हणायचे, "हळू पी गं चिमणे, जीभ भाजेल!"

राजा खवळला. त्याचे शिपाई आले. मग राजाच्या भीतीने गावकऱ्यांनीच आपल्या म्हाताऱ्या बिशपांना दगड मारून रानात हाकललं.

इडा त्यांच्या ओसाड बागेत रडत बसली. तेवढ्यात बर्फातून गुलाबी, सोनेरी कण भुरभुर उडाले आणि चिमुकल्या रुपेरी पंखांची एक परी समोर उभी राहिली.

"बाळ, एक इच्छा माग. मात्र ती दुसऱ्यासाठी हवी. आणि मला कुणाचं मन बदलता येत नाही, कुणाचं मरणही टाळता येत नाही."

इडाने ओठांवर आलेले शब्द गिळले. "मग मला त्यांच्याजवळ ने. ते एकटे नकोत."

बर्फावर निळ्या फुलांची पायवाट उमलली. इडा धावत सुटली. बिशप एका झाडाखाली पडले होते, कपाळातून रक्त वाहत होतं. तिने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं.

"आलीस, चिमणे? गावात सगळे जेवले ना?"

"हो."

"त्यांच्यावर रागावू नकोस. घाबरले बिचारे." एवढं बोलून त्यांनी डोळे मिटले.

त्याच क्षणी भर बर्फात शुभ्र गुलाब फुलले. रानभर उजेड पसरला. तो पाहून गावकरी धावत आले आणि गुडघे टेकून ओरडू लागले, "संत! आमचे संत!" दगड मारणारे हात आता संताची पवित्र खूण म्हणून त्यांच्या झग्याच्या एकेका धाग्यासाठी भांडत होते.

"ए पोरी, सरक बाजूला!" कुणीतरी इडाला ढकललं.

परीने तिला उचललं. "तू स्वतःसाठी काहीच मागितलं नाहीस. म्हणून हे तुझं." समोर एक छोटंसं घर होतं. आत लालचुटुक निखारे, लोकरीचे मऊ बूट आणि कधीच न संपणारी भाकरी.

"हे त्यांना का नाही दिलंस?" इडाने विचारलं.

 परी लखलखत्या उजेडात विरून गेली.

इडा उबेत एकटीच जेवायला बसली. पहिला घास तिने बिशपांसाठी बाजूला काढून ठेवला.