खडकात रुतून बसलेला मासा

एकदा एका फरशीच्या व्यापाऱ्याला समुद्र घरात आणावासा वाटला. खरा समुद्र त्याच्या बंगल्यापासून चालत दहा मिनिटांवर होता आणि फुकट होता. पण फुकटची वस्तू पाहुण्यांना दाखवून मान मिळत नाही. म्हणून त्याने दिवाणखान्यात सहा फुटी काचेची टाकी बसवली, खारं पाणी भरलं, खडक रचले आणि त्यात एक रंगीत, जाड ओठांचा मासा सोडला. मत्स्यालयवाले ज्याला ट्रिगर म्हणतात, तो.

मासा विकला होता एका तरुणाने. हा तरुण गावातल्या एका वृद्धाचा शिष्य. वृद्धाने अर्धा जन्म समुद्रात मासे धरले आणि उरलेला अर्धा काचेत मासे सांभाळले. त्याच्याकडून हा ती विद्या शिकला आणि बाजारात येऊन दुकान थाटून बसला. व्यापाऱ्याने विचारलं होतं, "वाढतो केवढा रे हा?" शिष्याने अंगठा आणि करंगळी ताणून दाखवली. "एवढा. वितीच्या पुढे जात नाही, शेठ."

मासा हातभर होतो हे शिष्याला पक्कं ठाऊक होतं. पण हातभर म्हटलं असतं तर शेठ नुसता बघून घरी गेला असता. मग शिष्याने बोलताना करंगळी जरा जास्तच ताणली. खोटं बोलणारा माणूस असा प्रामाणिकपणाही थोडा करतो.

तीन वर्षांत मासा वाढला आणि त्याच्याबरोबर ते खोटंही वाढलं. दर गुरुवारी शिष्य टाकी साफ करायला जाई, तेव्हा दोघंही त्याला काचेपलीकडून दात दाखवत. माशाने शेजारचे सगळे मासे संपवले. शंख फोडून खाल्ले. पंपाची वायर कातरली. मग करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा तो खडकाचे तुकडे तोंडात धरून काचेवर आपटू लागला. व्यापाऱ्याची बायको त्याला जावई म्हणायची. "कोळंबी सोललेली पाहिजे, आणि वर तोंड फुगलेलं ते फुगलेलंच!"

एका रविवारी फरशीवाल्यांच्या संघटनेची मंडळी घरी आली. शेठने ऐटीत बाही सरसावली आणि हाताने कोळंबी भरवायला गेला. माशाने कोळंबी सोडली आणि बोट धरलं. शेठ नाचला. नऊ फरशीवाले पोट धरधरून हसले. बोट दोन टाक्यांत शिवून झालं. हसणं मात्र कुठल्या डॉक्टरला शिवता येईना.

शिष्याला फोन गेला. "आज संध्याकाळपर्यंत हा राक्षस माझ्या घरात नको! नाहीतर टाकीत ब्लीचिंग पावडर ओततो, आणि कुणी विकला ते गावभर सांगतो!"

शिष्य धावत आला. रंगाची रिकामी बादली आणि रबरी हातमोजे घेऊन. त्यालाही राग आला होता. शेठचा, माशाचा, आणि ज्याचा खरा यायला हवा त्याचा सोडून बाकी सगळ्या जगाचा. हात पाण्यात जाताच मासा खडकाच्या भेगेत डोकं घालून शिरला आणि त्याने पाठीवरचा जाड काटा उभा केला. हा काटा म्हणजे या जातीची कडी. एकदा उभा राहिला की वरच्या खडकाला टेकतो, आणि मासा पाचरीसारखा बसतो. मग लाटासुद्धा त्याला हलवू शकत नाहीत.

शिष्याने शेपूट ओढली. काटा आणखी घट्ट बसला. त्याने दोन्ही हातांनी ओढली. माशाची कातडी खरवडली आणि पाण्यात तांबडा धूर पसरला.

"नीघ! नीघ म्हणतो ना मेल्या!"

"अरे, जोर लाव!" शेठ मागून ओरडला. "जेवला नाहीस का?"

"तुम्ही लावा ना! तुमची नऊ बोटं अजून शाबूत दिसताहेत!"

"तोंड सांभाळ हं! उलट बोलायला बोलावलं नाही तुला."

असे तीन तास गेले. दोघंही घामाने न्हाले, मासा आपल्या जागी. शेवटी शिष्याने पिशवीतून छिन्नी-हातोडा काढला. "खडकच फोडतो! मेला तर मेला!" तेव्हा मात्र शेठच्या बायकोने कुणाला न विचारता वृद्धाला निरोप धाडला.

वृद्ध आला. हातोडा बघितला, तांबडं पाणी बघितलं आणि सदऱ्याची बाही वर केली. उघडा हात भेगेत घातला. मोठ्या काट्याच्या मागे एक छोटा काटा असतो, तो त्याने एका बोटाने हलकेच दाबला. इतका वेळ पहाडासारखा उभा असलेला मोठा काटा मिटल्या छत्रीसारखा आडवा झाला. मासा अलगद सुटला.

"वा, आबा!" शिष्याने बादली पुढे केली.

वृद्धाने बादलीकडे पाहिलं आणि हात उघडला. मासा सळकन पुन्हा भेगेत. काटा पुन्हा उभा.

शिष्याला वाटलं, निसटला. वृद्धाने पुन्हा बोट लावलं, मासा सोडवला, बादलीकडे पाहिलं, पुन्हा सोडून दिला. तिसऱ्या वेळीही तेच.

"आबा!" शिष्य किंचाळलाच. "तीन तास रक्त आटवलंय मी इथं, आणि तुम्हाला खेळ सुचतोय? काढायचा नव्हता तर आलात कशाला?"

"काढून ठेवू कुठं?"

"ही काय, बादली!"

"आणि शेपूट? ती तुझ्या खिशात?"

"मग दुकानात नेईन."

"दुकानातली मोठी टाकी तीन फुटी आहे तुझी. मीच बांधून दिली."

"समुद्रात सोडतो मग!"

"तीन वर्षं सोललेली कोळंबी खाल्लेला मासा? दोन दिवस जगणार नाही. वर या टाकीतले रोग तिकडे जातील ते वेगळेच."

"ते माझं काम नाही!" शेठ कडाडला. "बाहेर म्हणजे बाहेर!"

तेव्हा वृद्धाचा आवाज चढला. एवढ्या वर्षांत शिष्याने तो कधी चढलेला ऐकला नव्हता.

"राग मलाही आलाय, शेठ, तुम्हा दोघांचा मिळून होईल त्याच्या दुप्पट! तीन तास तुम्ही या मुक्या जिवाला 'नीघ, नीघ' म्हणताय. कुठं जा, हे एकानेही सांगितलं नाही. रागाला 'नीघ' एवढंच बोलता येतं, पुढचं येत नाही. ज्याला जायला जागा नाही तो काटाच उभारणार, दुसरं काय करील? काटा पाडायला माझं एक बोट पुरतं. पण पाडल्यावर न्यायला जागा नसेल, तर ते बोट कसायाचं. म्हणून सोडला मी त्याला, तीनदा! आणि हा इतका मोठा जीव इतक्या लहान जागी आला कसा, ते मी विचारणार नाही. ज्याला ठाऊक आहे त्याने सांगावं."

शिष्याने हातमोजे काढले. त्याने अंगठा आणि करंगळी ताणली, स्वतःच त्या हाताकडे पाहिलं आणि हात खाली घेतला.

"शेठ, मी खोटं बोललो. हातभर होतो हे मला तेव्हाच ठाऊक होतं."

शेठचा चेहरा लाल झाला, मग जांभळा. "म्हणजे तू... माझ्या घरात येऊन... चालता हो! आत्ताच्या आत्ता चालता हो!"

शिष्य दाराकडे वळला. शेठची नजर टाकीकडे गेली. भेगेतून खरवडलेली शेपूट तेवढी दिसत होती, हळूहळू हलत.

"चालता हो," तो तिसऱ्यांदा म्हणाला, "आणि त्याच्यासाठी जागा बघ. मिळेपर्यंत राहू दे इथंच. पावडर नाही ओतत मी."

खाडीच्या तोंडाशी एक बंद पडलेलं कोळंबीचं बीजकेंद्र होतं. तिथला सिमेंटचा मोठा हौद शिष्याने मालकाच्या हातापाया पडून मिळवला. चार दिवस तो घासला. दुसऱ्या दिवशी शेठने भेगा बुजवायला आपले दोन गवंडी पाठवले आणि निरोपही पाठवला, की हे प्रेमाने नाही, रागानेच पाठवतोय. पाचव्या दिवशी पंपाने आणलेलं समुद्राचं पाणी हौदात नितळ झालं. मग शिष्याने छोटा काटा स्वतःच्या बोटाने दाबला आणि मासा पाण्याने भरलेल्या पिंपातून हौदाकाठी नेला.

मासा हौदात उतरला. कडेकडेने निघाला तो लांब गेला, दिसेनासा झाला. शिष्य आणि वृद्ध काठावर वाट पाहत बसले. तो वळसा घालून परत यायला इतका वेळ लागला, की शिष्याला मधेच एकदा डोळे पुसून घेता आले. वृद्धाने बघितलं आणि बघितलं नाही असं दाखवलं.

तेव्हा वाचकहो, खुशाल रागवा, आम्ही कोण अडवणार? पण कुणाला 'नीघ' म्हणण्याआधी तो जाईल कुठं, एवढं एक वाक्य रागाला शिकवून ठेवा.