गाडीचं तोंड

"खरं बोलणं हा गुन्हा आहे का, आक्का?"

आक्का शेंगा फोडत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"काय बोललास?"

"गाडीबद्दल बोललो."

"कुणाच्या?"

"सासऱ्यांच्या..."

आजऱ्याच्या वरच्या अंगाला, काजूच्या बागेत, आक्कांचा छोटासा मठ होता. सत्तरी ओलांडलेली ही बाई उपदेश करत नाही, अशी तिची ख्याती होती. तरी लोक येत. आज निनाद शिंत्रे आला होता. एसटीनं.

एसटीनं येणं त्याला शोभत नव्हतं. नव्या गाड्या चालवायच्या, त्यांचं रूप कसं, ॲव्हरेज किती, हे व्हिडिओत सांगायचं, हाच त्याचा धंदा. लाखो लोक त्याचं ऐकून गाडी घेत, नाहीतर घेत नसत. कुणाची भीड ठेवत नाही म्हणून त्याचं नाव होतं. स्वतःची गाडी मात्र त्याच्याकडे नव्हती. अजून एकही पसंत पडली नव्हती.

सासरे आप्पासाहेब रेडेकर यांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोठी गाडी घेतली होती. उंच, काळी, पुढे भलीमोठी जाळी. पूजा झाली, हार घातला, आणि त्यांनी चावी जावयाच्या हातात ठेवली.

"आमचीबी दाखवा की पाव्हणं, तुमच्या चॅनेलवर."

निनादनं दाखवली.

"मग? काय म्हणालास?" आक्कांनी विचारलं.

"समोरून बघितलं तर बेडकाला चष्मा लावल्यासारखी दिसते, म्हणालो."

आक्कांचा हात थांबला.

"आणि सासरे ॲव्हरेज अठरा सांगतात, पण मी टाकी फुल करून मोजलं तर अकरा आलं... तेही म्हणालो."

"हे समद्या जगाला?"

"व्हिडिओ होता तो, आक्का."

...

आता आप्पासाहेबांची गाडी गल्लीतून निघाली की पोरं 'डराँव डराँव' करत मागे धावत. पेठेत कुणीही भेटलं तरी आधी ॲव्हरेज विचारी आणि मग तोंड फिरवून हसे. धाकट्या मेहुणीची उद्या हळद होती. निनादची बायको केतकी आधीच माहेरी गेली होती. तिनं फोनवर एवढंच सांगितलं होतं, की तू मांडवात आलास तर आप्पा मांडवातून उठून जातील. आणि मग फोन ठेवला होता.

"तुमचा शब्द ते मोडत नाहीत," निनाद म्हणाला. "मी खोटं काही बोललो नाही, एवढं फक्त त्यांना सांगा."

"एवढंच?"

"एवढंच."

आक्का उठल्या. लुगड्यावरची टरफलं झटकली.

"चल. सांगून येऊ."

मठाची जीप फणसाखाली उभी होती. कधीकाळी ती हिरवी असावी. निनाद सवयीनं तिच्याभोवती एक चक्कर मारून आला. पुढचा एक दिवा दोरीनं बांधला होता.

"आक्का, ही जुन्या काळची बांधणी. रेषा सरळ आहेत, पण मागची बाजू..."

"बस."

तो बसला. आक्का स्वतः चालवत होत्या. वळणावर त्या हॉर्नऐवजी हाताची टाळी वाजवत. निनादनं दांडी घट्ट धरली आणि गिअर बदलायच्या त्यांच्या पद्धतीबद्दल आलेलं मत गिळलं.

उतार संपला. सपाट रस्ता लागला. जीपनं एक उचकी दिली, दुसरी दिली, आणि उभी राहिली.

आजूबाजूला उसाची शेतं. माणूस नाही.

"ढकल," आक्का म्हणाल्या.

निनाद उतरला. बाह्या वर केल्या. खांदा लावला. जीप इंचभर हलली, मग हातभर, मग चालू लागली. चालू झाली नाही, नुसती चालू लागली. आक्का स्टिअरिंग धरून ताठ बसल्या होत्या.

"निनाद..."

"काय आक्का?"

"मागची बाजू कशी हाय म्हणत हुतास?"

निनादला दम लागला होता. त्यानं दुसरा खांदा लावला.

"आता ॲव्हरेज किती पडंल रं?"

तो तरीही बोलला नाही. इतका वेळ कुठल्याही गाडीविषयी गप्प राहायची त्याच्यावर पहिल्यांदाच वेळ आली होती.

एका बांधाशी त्यानं हात टेकले. शर्ट पाठीला चिकटला होता. आक्कांनी कमरेच्या पिशवीतून मोबाईल काढला आणि लांब धरून बटणं दाबली.

"आप्पा, गाडी बंद पडली. ये... व्हय, रस्त्यातच हाय. ये."

निनाद दचकला. "त्यांना बोलावलंत? मी इथं आहे हे सांगितलं नाही?"

"त्यानं इचारलं न्हाई."

थोड्या वेळानं उसाच्या वळणावरून ती आली. काळी, उंच, भल्यामोठ्या जाळीची. आप्पासाहेब उतरले. आक्कांच्या पाया पडले. जावयाकडे बघितलं आणि लगेच उसाकडे बघू लागले.

"काय झालं जीपला?"

"चालंना."

आप्पासाहेबांनी बॉनेट उघडलं. आत वाकले, बघितलं, बाहेर आले. मग टाकीचं झाकण काढून वास घेतला.

"आक्का, डिझेल हाय का हिच्यात?"

"न्हाई."

"कधीपासनं?"

"निघतानाच थोडं हुतं."

निनादचं तोंड उघडंच राहिलं. "मग मला ढकलायला का लावलंत?"

"तू इचारलं कुठं? तू रेषा बघत हुतास."

आप्पासाहेबांच्या मिशा हलल्या. हसू की काय ते कळायच्या आत त्यांनी ते खोकल्यात घातलं.

जीप रस्त्याकडेला ठेवून तिघं आप्पासाहेबांच्या गाडीत बसले. पुढे आक्का. मागे निनाद, घामानं निथळलेला. गाडी निघाली.

...

"आक्का," आप्पासाहेब समोर बघत म्हणाले, "पाव्हण्यांना एसी लागतोय का इचारा."

आक्कांनी डोळे मिटले होते.

"लागतोय, मामा," मागून निनाद म्हणाला. "छान लागतोय."

दोन गावं गेली.

"मामा..."

"हं."

"मी मोजलं तेव्हा घाटात होतो. एसी पण चालू होता. सपाटीला जास्त देईल."

आप्पासाहेबांनी गाडी हळू केली.

"किती?"

"चौदा तरी देईल."

"पंधरा न्हाई द्यायची?"

"पाय हलका ठेवलात तर..."

"हलकाच असतो की माझा!" आप्पासाहेब म्हणाले. मग आवाज उतरवून: "खरं सांगायचं तर मी कधी मोजलंच न्हाई. शोरूमच्या पोरानं अठरा सांगितलं. मला ऐकायला बरं वाटलं."

निनाद पुढे सरकला. दोन्ही सीटच्या मधून त्याचा चेहरा पुढे आला.

"मामा, मी आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. जगाला नंतर."

आप्पासाहेबांनी आरशातून मागे बघितलं.

"जेवायला थांबायचं म्हणावं पाव्हण्यांना. उद्या हळद हाय. आता परत कुठं जाताय?"

निनादनं खिशातून रुमाल काढून तोंड पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

घर दिसू लागलं. दारात मांडव घातला होता. केतकी पायरीवर उभी होती. गाडी बघून तिनं कपाळावर हात धरला, मागच्या सीटवर कोण आहे ते नीट दिसावं म्हणून.

आप्पासाहेबांनी मात्र गाडी मांडवाच्या अलीकडेच थांबवली. इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले.

"पाव्हणं, ॲव्हरेजचं मिटलं. पण ते बेडकाचं..."

छान आहे म्हणावं तर खोटं. नाही म्हणावं तर हळद हुकली.

"मामा, मला जसं दिसलं तसं..."

"मला तर ती वाघावानी दिसती," आप्पासाहेब म्हणाले. "घेतली तवाच दिसली. मग आता कुणाचं खरं?"

दोघांनीही मान आक्कांकडे वळवली.

"आक्का, तुम्हीच सांगा," आप्पासाहेब म्हणाले. "हिचं तोंड चांगलं का वाईट? तुम्ही म्हणाल ते आम्हाला मान्य."

"मलाही," निनाद म्हणाला.

...

आक्कांनी डोळे उघडले. समोरच्या काचेतून बघितलं. मांडव, केतकी, आंब्याचे डहाळे. एकदा आप्पांकडे बघितलं, एकदा निनादकडे.

"मी आत बसलीया, बाबांनो," आक्का म्हणाल्या. "आतनं तोंड दिसत न्हाई."