पाणकोंबडीचा जलदुर्ग

सांगतो पोरांनो, पण आधी माझा सदरा सोडा! जेवून जरा लवंडावं म्हटलं, तर तेही बघवत नाही तुम्हाला.

धुमाळपूरच्या मधोमध एक जुनं तळं होतं, गाळानं भरलेलं. डास चावला की रणधीरराजे ओरडायचे, "बुजवा ते! हत्तीखाना बांधतो तिथं!"

एक दिवस परटाची लेक बयजा दरबारात घुसली. तळं गेलं तर तिच्या बापानं धुणं आपटायचं कुठं?

"महाराज, गाळ काढा. मोकळ्या पाण्यात मासे फिरले की डासांचा फडशा पाडतील."

"मग काढ तूच! दिवाळीपर्यंत. खजिन्यातून छदाम मिळणार नाही, कुणाला वेठीला धरायचं नाही. आणि गाळाचं एक ढेकूळ जरी दिसलं, तर तळं बुजलंच समज!"

दरबारी खिदळले. बयजा सरळ कोष्टीआळीत गेली आणि पोरांना म्हणाली, "यंदा सुतारआळीचा किल्ला तुमच्या दुप्पट हं!" मग सुतारआळीत जाऊन तेच कोष्ट्यांचं सांगितलं. संपलं तिचं काम!

दिवाळीचा किल्ला आणि वर आळीची अब्रू! पोरं पाट्या घेऊन तळ्यावर तुटून पडली. आया जेवायला हाका मारून दमल्या, मग बापच फावडी घेऊन उतरले. बुरूज छपरांना टेकले. दिवाळी सरली की तो गाळ मळ्यात न्यायला माळी टपूनच बसले.

वसुबारसेला राजे आले. पाणी आरशासारखं. पण मधोमध गाळाचा एक उंचवटा!

"ढेकूळ! हरलीस पोरी!"

"ढेकूळ कसलं महाराज, जलदुर्ग आहे तो! युवराजांनी अंगणात याच गाळाचा केला तो किल्ला, मग पाणकोंबडीनं काय घोडं मारलंय तुमचं? किल्लेदारीण आत अंड्यांवर बसलीय. घ्यायचा तर लढून घ्या!"

"घेतोच!" राजे धोतर खोचून, काठी उगारून कंबरभर पाण्यात शिरले. पाणकोंबडी अशी फडफडत अंगावर आली, की पागोटं एकीकडे आणि राजे पाण्याखाली!

"महाराज," बयजा काठावरून म्हणाली, "तहाची बोलणी करू का?"

राजे नाकातलं पाणी शिंकरत खदाखदा हसले. "दुर्ग तिचा! तळं गावाचं! आणि हत्तीखान्याचा सगळा दगड तुझ्या बापाच्या घाटाला!"

झाली गोष्ट. दिवाळीत कुठली पाणकोंबडी अंडी घालते, असं भर पारावर हसून एकानं मला खोटं ठरवलं होतं. पुढच्याच दिवाळीत अंड्यांवर बसलेली दाखवली त्याला, तरी त्याची माफी अजून यायचीय. नाव विचारा की! केरबा गुरव!