केरबाची चुकणारी सुई

एके वर्षी मे महिन्यात एका वृद्ध डॉक्टरांनी डोंगराजवळच्या रिकाम्या शाळेत मुलांचे शिबिर भरवले. या मुलांना जन्मापासूनच, घराण्यातून आलेला आजार होता. त्यांचे रक्त लवकर गोठत नसे. खरचटले तरी ते वाहत राही, गुडघे आतल्या आत सुजत. उपाय एकच: रक्त गोठवणारे औषध आठवड्यातून दोनदा शिरेतून टोचणे, तेही जन्मभर. ते ज्याचे त्याला टोचता यावे, एवढ्यासाठी हे आठ दिवस होते.

डॉक्टरांची एक शिष्या होती, परिचारिका. वीस वर्षांत तिची सुई चुकल्याचे कोणी पाहिले नव्हते, आणि हे कोणी विसरणार नाही याची ती काळजी घेत असे. यशोधन नावाचा दहा वर्षांचा मुलगा तिच्याकडे सोपवला होता. जूनमध्ये त्याला निवासी शाळेत जायचे होते, आणि शाळेने स्पष्ट कळवले होते, की सुई स्वतः टोचता येत असेल तरच प्रवेश. परिचारिकेने चार दिवस त्याला शिकवले. तिच्या हातात सुई दिसली की तो डोळे मिटून घेई.

पाचव्या दिवशी तो वर्गात आलाच नाही. परिचारिकेला तो सापडला स्वयंपाकघरात. शिबिराचा आचारी केरबा, त्यालाही तोच आजार. एक गुडघा कायमचा आखडलेला. पाटावर बसून तो स्वतःला औषध टोचत होता आणि सगळी मुले भोवती गोळा झाली होती.

"गेली," सुई बाहेर काढत केरबा म्हणाला. "आमच्या मेव्हण्यासारखी आहे ही शीर. काम दिसलं की पळते."

मुले हसली. यशोधन सर्वांत मोठ्याने. केरबाने कापूस दाबून धरला, मग नवी सुई घेऊन दुसरी शीर शोधली. तीही गेली. तिसरी सापडली.

परिचारिकेला ते हसणे फार लागले. चार दिवसांत तिच्यापाशी कोणी हसले नव्हते. तिने मनातल्या मनात केरबाचे दोष मांडले: शिक्षण सातवी, आमटीत मीठ जास्त, आणि चालताना हा मुद्दाम जास्त लंगडतो. शेवटचा दोष तिचा तिलाही पटला नाही, पण तिने तो यादीतून काढला नाही.

ती तडक डॉक्टरांकडे गेली. "सर, स्वयंपाकघरात सुया टोचणं चाललंय."

"हात धुतले होते का त्यानं?"

"धुतले होते," ती नाइलाजाने म्हणाली. "पण दोनदा चुकला. मुलांदेखत."

"दोनदा?" डॉक्टरांनी चष्मा पुसला. "मग उद्यापासून वर्ग तोच घेईल. मी शेजारी बसेन. तू पोह्यांचे कांदे चीर."

दुसऱ्या दिवशी तिने पन्नास माणसांचे कांदे चिरले. त्यामुळे डोळ्यांतले पाणी कशाचे, हे विचारायची सोय कोणाला उरली नाही. वर्ग ज्या खिडकीतून दिसत होता, विळी तिने तिथेच मांडली होती. यशोधनने सुई टोचली. चुकली. तिचा हात कांद्यावर थांबला. यशोधनने तोंड वाकडे केले, कापूस दाबला, बराच वेळ तसाच बसला आणि नवी सुई मागितली. या वेळी सुईच्या नळीत रक्ताचा बारीक लाल धागा दिसला.

"आता औषध हळू सोड," केरबा म्हणाला, "घाई नाही."

संध्याकाळी तिने विचारले, "सर, माझ्या शिकवण्यात काय कमी होतं?"

"कमी काही नाही गं. तुझी सुई चुकत नाही. ते बघून पोराला वाटतं, हे सिस्टरलाच जमतं. वसतिगृहात त्याची सुई चुकणार, तेव्हा तू तिथं नसशील. चुकल्यावर काय करायचं ते केरबाला येतं. तुझ्यावर ती वेळच कुठं आली?"

तिचा मत्सर लगेच गेला असेही नाही. जेवताना आमटी तिला खारटच लागली.

शेवटच्या दिवशी मात्र ती मुलांमध्ये येऊन बसली. केरबाने सरकून जागा दिली. तिने उजव्या दंडाला पट्टा बांधला आणि औषध नसलेली सुई सवय नसलेल्या डाव्या हातात घेतली. सुई चुकली.

"सिस्टर, कापूस घ्या," यशोधन म्हणाला. "दहा मिनिटं दाबायचा. मध्येच उचलून बघायचं नाही."

तिच्या रक्ताला एक मिनिट पुरे होते. तिने घड्याळ समोर ठेवले आणि दहा मिनिटे कापूस दाबून धरला.